बिनफाटकाची राखण

शनिवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी मला आयर्लंडमधली पहिली नोकरी लागली. अर्ज नाही, मुलाखत नाही, शिक्षण किती म्हणून कुणी विचारलंसुद्धा नाही. आणि त्या नोकरीत मी जो घोळ घातला तो माझ्याच तोंडून ऐका, कारण गावात तो रोज थोडा थोडा वाढतोय. परवा दुकानात ऐकला तेव्हा त्यात पोलीसही आले होते. पोलीस नव्हते हो. बाकी सगळं होतं.

आधी माझं सांगते. मी इचलकरंजीची. सातवीपर्यंत शाळा, मग घरच्या मागावर कांड्या भरायच्या, मग लग्न. आमचे हे शॅननच्या एका कारखान्यात मशीनवर आहेत, आणि आम्ही तिथून थोडं आत एका खेड्यात राहतो. आमची सई अडीच वर्षांची. आणि मी? मी काळजी करते. तेच माझं मुख्य काम. सई शिंकली की मी थर्मामीटर काढते, आणि सकाळपासून शिंकली नाही तर का शिंकली नाही म्हणूनही काढते.

पहिला हिवाळा असा खिडकीतच गेला. शेवटी दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, मुलीला काही झालेलं नाही, दोघी बाहेर पडा. आमच्या गावाभोवती फिरायची एक वाट आहे. सपाट, बाबागाडी जाईल अशी, आणि जागोजागी खांबावर जांभळा बाण. बाण दाखवेल तिकडं चालत राहायचं, की देवळाला प्रदक्षिणा घातल्यासारखं आपण परत चर्चपाशी येतो. पहिल्या दिवशी मी पहिल्या बाणापर्यंत जाऊन परत फिरले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्यापर्यंत. असं करत करत एक दिवस अख्खी फेरी झाली. संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "एकटी गेलीस?" म्हटलं, "सई होती की सोबत." त्या दिवशी भाकऱ्यासुद्धा मी जरा ऐटीतच थापल्या.

तर तो शनिवार. मे महिना, वाटेच्या दोन्ही बाजूंची काटेरी झुडपं पांढऱ्या फुलांनी लगडलेली. सईच्या डोक्यावर टोपी, पिशवीत दुसरी टोपी. एका वळणावर समोरून एक म्हातारबाबा घाईनं आले. अंगात काळा सूट, गळ्यात टाय, आणि पायात गुडघ्यापर्यंत चिखलाचे गमबूट. हातात काठी. हे मायकल आजोबा, पण ते मला नंतर कळलं.

त्यांच्या घराला दोन पांढरे खांब होते, मध्ये फाटकच नव्हतं. रंगवायला काढलं होतं, ते भिंतीला टेकवून ठेवलेलं. आत हिरवळीवर टेबलं मांडलेली, त्यांच्यावर पांढऱ्या चादरी, फुगे. घरात माणूस एक नाही. आजोबांनी मला त्या मोकळ्या जागेत नेऊन उभं केलं, दोन्ही हात पसरून दाखवले आणि म्हणाले, "इथं उभी राहशील का जरा? आत जाऊ द्यायचं नाही. मी आलोच." एवढं बोलून काठी टेकत डोंगराच्या रस्त्यानं निघूनसुद्धा गेले.

कुणाला आत जाऊ द्यायचं नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. या भागात ते सांगावं लागत नाही, शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला कुठून माहीत असणार? पण मी माझं डोकं चालवलं. आपल्याकडं अख्खं घर लग्नाला गेलं की घर राखायला एक कुणीतरी मागं ठेवतात की नाही? इथं तर कार्य घरातच, टेबलं उघड्यावर, फाटक नाही, आणि माणसं सगळी चर्चमध्ये. राखणीला माणूस नको?

खरं सांगते, मला फार बरं वाटलं. या देशात आल्यापासून सगळे मला मदतच करत होते. बसमध्ये बाबागाडी चढवायला मदत, दुकानात पैसे मोजायला मदत. मला कुणी काही काम सांगितलंच नव्हतं. आज एका सुटातल्या माणसानं मला न विचारता, न तपासता आपलं घर सोपवलं होतं. मी बाबागाडी खांबाला लावली, ब्रेक दाबला, ओढणी कमरेला खोचली आणि दोन्ही हात पसरले. सईनंही बसल्या बसल्या पसरले.

पहिली आली एक बाई, डोक्यावर पिसांची टोपी, हातात भलामोठा केकचा खोका. हसून आत शिरायला लागली.

"नो," मी म्हटलं. "ग्रँडफादर टोल्ड. नोबडी इन."

ती म्हणाली, हे तिच्या बहिणीचं घर आहे. मी मनात म्हटलं, चोर काय, चुलत मावशीचं घर आहे असंही सांगेल. पण केक उन्हात मऊ पडायला लागला होता, तो बघवेना. मग मीच मध्यम मार्ग काढला. केक तिच्या हातातून घेतला, स्वतः आत नेऊन मधल्या टेबलावर ठेवला आणि परत येऊन हात पसरले. बाई बाहेरच.

मग एक गाडी आली. लहान मुलांनी उड्या मारायचा तो हवेचा किल्ला असतो ना, तो घेऊन आलेला माणूस. त्यालाही अडवलं. मग आणखी दोन मोटारी, त्यातून सुटाबुटातली माणसं. सगळ्यांना अडवलं. रस्त्याच्या कडेला ही रांग लागली. आपल्याकडं असतं तर माझी ओढणी फाटली असती. पण इथली माणसं भांडत नाहीत, हवापाण्याचं बोलतात. कुणी म्हणालं, ऊन छान पडलंय. कुणी म्हणालं, टिकणार नाही. माझ्याकडं बघून सगळे "ग्रँड, ग्रँड", म्हणजे ठीक आहे, म्हणत होते आणि कुणालाच काही ग्रँड वाटत नव्हतं.

शेवटी घरचीच माणसं आली. आजोबांची बायको नोराआजी, आणि त्यांची सात-आठ वर्षांची नात ईफा. ईफा नखशिखांत पांढरी, पांढरा झगा, पांढरी ओढणी, छोटी नवरीच. चर्चमध्ये तिचा आयुष्यातला पहिला प्रसाद झाला होता. इथं तो सोहळा मुंजीसारखा करतात, म्हणून ही टेबलं. ईफा माझ्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "ही माझी पार्टी आहे."

तिचा ओठ थरथरत होता. पण काम म्हणजे काम. म्हटलं, "ग्रँडफादर कम, देन इन. टू मिनिट." नोराआजींनी एकदा आकाशाकडं बघितलं आणि नातीचा हात धरून रांगेत उभ्या राहिल्या. स्वतःच्या घराबाहेर. बघा, काय माणसं.

आणि तेवढ्यात डोंगराच्या बाजूनं आरोळी आली. वळणावरून दहा-बारा गाई दुडक्या चालीनं येत होत्या, आणि मागं सूट, टाय, गमबुटात मायकल आजोबा, काठी हलवत. शेजाऱ्याच्या रानात शिरलेल्या गाई काढायला ते चर्चमधून अर्ध्यातून उठून आले होते.

रांगेतल्या माणसांनी कुणी न सांगता काय केलं माहितीय? सगळ्यांनी हात पसरले. पिसांची टोपी, किल्लेवाला, नोराआजी, सगळे रस्ता अडवून ओळीनं उभे, गाई समोरच्या कुरणात वळाव्यात म्हणून. गाईंना पुढं जायला जागाच उरली नाही. कुरणाशिवाय जागा उरली एकच. माझी.

आणि मी? इचलकरंजीत आमच्या कोपऱ्यावरच्या देवळापुढं एक मावशी गाय घेऊन बसायची. गाय समोर आली की बाजूला व्हायचं, पाठीला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा. हे मला कुणी शिकवलेलं नाही, हात आपोआप जातो. शिवाय बाबागाडी वाटेत. मी झटक्यात ब्रेक काढला, सईला खांबाआड ओढलं, अदबीनं बाजूला झाले आणि पहिल्या गाईच्या पाठीला हात लावून म्हटलं, "सई, जयजय कर."

दहा-बारा गाई माझ्या डोळ्यांदेखत ओळीनं आत गेल्या. मला वाटलं, घरच्या आहेत, घरी आल्या.

पुढचं सांगवत नाही. केक मीच मधोमध ठेवला होता ना, तो सगळ्यात आधी गेला. एका गाईनं चादर ओढली, बशा खाली आल्या. एक फुग्याला घाबरली आणि तिनं दुसरं टेबल पाडलं. हवेचा किल्ला तेवढा वाचला, कारण किल्लेवाल्याला मी आत सोडलंच नव्हतं. हे मात्र कुणी लक्षात घेत नाही.

मायकल आजोबा धापा टाकत आले. हिरवळीकडं बघितलं. बाहेरच्या रांगेकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी अजून खांबापाशी उभी होते, जागा सोडली नव्हती.

"बाई," ते हळूच म्हणाले, "अख्ख्या गावाला अडवलंस. आणि फक्त गाईंना सोडलंस?"

माझे डोळे भरून आले. ईफाचा एवढा मोठा दिवस, आणि मी त्याचा चुराडा केला. तिच्याकडं बघायचं धाडस होईना. पण ती रडत नव्हती. ती बघत होती सईकडं. कारण सई बाबागाडीतून केक खाणाऱ्या गाईला मन लावून जयजय करत होती. ईफानं तिच्या शेजारी उभं राहून पांढरे हातमोजे जोडले आणि तसाच जयजय केला. पहिल्यांदा हसल्या त्या नोराआजी. मग पिसांची टोपी. मग मला आत बोलावून कुणीतरी चहा दिला, त्याच हिरवळीवर, शेण चुकवून. त्यांच्या भिंतीवर आता ईफाच्या सोहळ्याचा एकच फोटो आहे: पांढऱ्या झग्यातली नवरी, हात जोडलेले, आणि समोर तोंडाला केक लागलेली गाय. खांबाशी ओढणीचं टोक दिसतं, ती मी.

नोकरी गेली म्हणता? छे. मायकल आजोबा गाई हलवायच्या असल्या की अजून आमचं दार वाजवतात. फक्त त्या मोकळ्या जागेत आता ते सईला उभं करतात. ती हात पसरून अशी ओरडते की एक गाय वळत नाही. मी शेजारी असते, पण मला बजावून ठेवलंय: हात खिशात.

तेव्हा एवढं करा. अख्ख्या आयर्लंडमध्ये कुणी नवी आई खिडकीत बसून राहिली असेल तर तिला सांगा, गावाबाहेरची वाट सोपी आहे, बाबागाडी जाते, बाण चुकत नाही. आणि वाटेत कुणी गमबूटवाले आजोबा इथं जरा उभी राहा म्हणाले, तर बेलाशक उभी राहा म्हणावं. माणसांना सोड, गाईंना अडव. उलटं करणारी एक या गावात आहे, तेवढी पुरे.