सियोनभाऊंनी विकलेली बिअर

लंडनजवळच्या इल्फर्डच्या सियोनभाऊ थळकरांइतका हट्टी माणूस सुप्रभावहिनींनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. बस गॅरेजमध्ये फिटर असलेले हे गृहस्थ मूळचे मुंबईचे बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, आणि वहिनींचे शेजारी. बिअर घरीच करायचे, आणि ती पिण्यापेक्षा सांभाळण्यातच त्यांचा जीव. परसातल्या कोळशाच्या जुन्या खोलीत पिंपं मुरत ठेवलेली असत. भिंतीवरचा पारा बारा-तेरा अंशांवरच हवा. थंडी पडली की पिंपांना ब्लँकेटं, ऊन तापलं की ओली पोती. लोक पोटच्या पोरांचं इतकं करत नाहीत, असं वहिनी म्हणायच्या. त्या स्वतः दारूच्या थेंबालाही शिवलेल्या नव्हत्या.

चौऱ्याऐंशीच्या जूनमध्ये भाऊंच्या लेकीचं, रिवकाचं लग्न व्हायचं होतं. त्यासाठी त्यांनी जानेवारीतच दोन पिंपं भरली. मध्ये एप्रिलात वल्हांडणाचा सण आला. सणाच्या आठ दिवसांत धान्य आंबवून केलेलं काहीही मालकीचं ठेवायचं नाही, असा त्यांचा धर्म. म्हणून दर वर्षी ते पिंपं खोलीसकट कुणा परधर्मीयाला विकत आणि सण संपला की परत घेत. यंदा गिऱ्हाईक होत्या सुप्रभावहिनी. त्यांनी एक पौंड दिला, भाऊंनी किल्ली दिली.

"आता माल तुमचा, वहिनी."

"इश्श, मी काय करू तुमच्या बिअरचं?"

"माझ्या नाही, तुमच्या," भाऊ म्हणाले. ते हसले नाहीत.

आणि नेमकं ईस्टरला ऊन तापलं. वहिनींनी खोली उघडली तर पारा अठरावर. त्या तडक भाऊंच्या मागच्या दाराशी गेल्या.

"भाऊ, अठरा झालेत. बिअर खराब होईल ना? पोती भिजवू का?"

भाऊंचा चेहरा उतरला. "वहिनी, ते मी सांगायचं नाही. काळजी मीच करत राहिलो, तर विकलं कुठे? तो नुसता show झाला."

"अहो, कोण बघतंय इथे?"

भाऊंनी खुर्ची उचलली आणि खोलीकडे पाठ करून बसले.

वहिनी आधी चिडल्या. मग त्यांना भरून आलं. लेकीच्या लग्नाची बिअर नासत असताना पाठ फिरवायला छाती लागते. त्यांनी पोती भिजवली. तेवढ्यानं भागेना, तेव्हा माठाला फडकं गुंडाळतात तशी दोन जुनी सुती लुगडी पिंपांना गुंडाळली आणि सण संपेपर्यंत तासातासाला त्यांवर पाणी शिंपडलं. बिअरची अशी सेवा आपल्या नशिबी लिहिली असेल, असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

सण संपला. भाऊ पौंड घेऊन आले आणि खोलीच्या उंबऱ्याबाहेरच थांबले. आत डोकावलेसुद्धा नाहीत.

"वहिनी, विकता का परत?"

"नाही विकत."

भाऊंनी हातातल्या पौंडाकडे पाहिलं. मग त्यांनी मान डोलावली. "बरं. माल तुमचाच आहे," म्हणाले आणि खरोखरच परत फिरले.

या माणसापुढे आपण किती लहान, असं वहिनींना वाटून गेलं.

"थांबा हो, भाऊ. रिवकाला माझा आहेर आहे हा. आहेराचे का कुणी पैसे घेतं?"

भाऊ वळले. डोळे पुसले, उंबरा ओलांडला, आणि आठ दिवस गिळून ठेवलेला प्रश्न एकदाचा विचारला, "पारा किती आहे?"