काट्यावरचे काका आणि माझी चिठ्ठी

मी साखर कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होते. तिथं सर्दी झाली तरी लोकांना उस्मानाबादच्या मोठ्या डॉक्टरांचाच सल्ला हवा असायचा. म्हणून कारखान्यानं नियम काढला: रोग्याला तपासणाऱ्यानं चिठ्ठी लिहून मत मागवलं, तरच त्या मताचं आणि पुढच्या उपचाराचं बिल कारखाना भरणार. रोग्यानं मागून चालणार नाही, त्याच्या मेव्हण्यानं तर नाहीच.

दुष्काळाचं साल होतं. ऊस कमी, त्यामुळं माणसं कमी करायची बोलणी चाललेली. नेमकं तेव्हाच उसाच्या गाड्या मोजणाऱ्या काट्यावरच्या काकांना आकडे दिसेनासे झाले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हंगामाआधी ऑपरेशन झालं नाही तर घरी बसावं लागणार, आणि पदरचे पैसे घालायची त्यांची ऐपत नव्हती. त्यांनी थेट एका संचालकांचं पत्र आणलं, शिक्क्यासकट.

हिशेबनिसांनी ते परत केलं. "संचालक रोगी तपासतात व्हय?"

आमचे डॉक्टर मुलीच्या लग्नाला गावी गेलेले, महिनाभर यायचे नव्हते. काका परत आलेलं पत्र घेऊन माझ्या स्टुलावर येऊन बसले. मला त्यांचा आणि नियमाचा, दोघांचाही राग आला. मी तणतणत हिशेबनिसांकडं गेले.

"त्यांचे डोळे बघितले कुणी?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"मग चिठ्ठी तुमीच लिवा की. नियमात डॉक्टर असा शब्द कुठं हाय?"

मी नियमाचा कागद दोनदा वाचला. खरंच नव्हता. तीन वर्षं मलमपट्ट्या करत होते, पण माझ्या सहीला पगारपत्रकाबाहेर कुणी विचारलं नव्हतं. टॉर्च घेऊन काकांचे डोळे पुन्हा बघितले, दिसलं ते लिहिलं, खाली 'ऑपरेशन करावे का, मत कळवावे' असं विचारलं आणि सही केली. हात लटलट कापत होता. आनंद झाला की मला भांडण सुचतं. त्या दिवशी मी वॉर्डबॉयपासून चहावाल्यापर्यंत एकालाही सोडलं नाही.

चिठ्ठी चालली, उस्मानाबादला ऑपरेशन झालं, बिलही मंजूर झालं. हंगाम सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात काका जाड भिंगांचा चष्मा लावून हजर. त्यांनी चिठ्ठीची नक्कल मागून घेतली, हात लांब करून धरली आणि सावकाश वाचली.

"सही लई वाकडी हाय, नर्सबाई."

"दिसायला लागलं म्हणून नावं ठेवता व्हय, काका?" मी म्हणाले, आणि डोळे पुसायला आतल्या खोलीत गेले.