मी नकार दिला नव्हता

ही गोष्ट मी गाण्यातसुद्धा घातलेली नाही. आणि गाण्यात मी काय काय घातलंय ते मला ऐकणाऱ्यांना माहीत आहे — वडिलांशी झालेली भांडणं, बारावीत गटांगळी खाल्ली ते, ठरलेलं लग्न मोडलं ते. लोक म्हणतात, हा माणूस काही लपवत नाही. मंठ्याचा पवन म्हणजे मोठ्या कंपन्यांना भीक न घालणारा माणूस. असं कोणी तोंडावर बोललं की मी मान खाली घालतो, आणि लोकांना तो संकोच वाटतो. संकोच नाही तो. मग काय आहे? सांगतो — पण सरळ जीभ उचलत नाही, जरा दमानं घ्या.

मी रॅप करतो, आमच्या बोलीत. आमच्या या धंद्यात दोन घरं आहेत. एक कंपनीचं घर — तिथं गेलं की चांगला स्टुडिओ, चकचकीत व्हिडिओ, लग्नाच्या वरातीत डीजेवर गाणं. दुसरं स्वतंत्रवाल्यांचं. आम्ही स्वतःच लिहितो, स्वतःच रेकॉर्ड करतो, स्वतःच नेटवर चढवतो, आणि ऐकणारे मोजकेच असले तरी ताठ मानेनं फिरतो. कंपनीत गेलेल्याला आमच्याकडे एकच शब्द आहे — विकला गेला. स्वतंत्र म्हणजे ज्याच्या मागं कोणी नाही, असं आम्ही सांगतो. माझ्या मागं वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं. राजस्थानातून आमचे पणजोबा आले तेव्हापासूनचं, जालना जिल्ह्यातल्या मंठ्याच्या बाजारपेठेत, चांगलं चालणारं. रॅप चाललं काय नि न चाललं काय, माझ्या ताटातली पोळी गरमच असायची. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं ते लागणार आहे.

मोईन माझ्या शाळेतला. त्याचे अब्बा पिंजारी — कापूस पिंजून गाद्या, रजया भरून देणारे. बसस्टँडच्या रस्त्याला त्यांचं दुकान, पुढं गाद्यांची थप्पी आणि मागच्या खोलीत पिंजायचं मशीन. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजासाठी मशीन बंद व्हायचं, ते त्या दिवशी पुन्हा सुरू होत नसे. नमाज पढून मोईन यायचा, आणि मग ती खोली आमची. चारी भिंतींना गाद्या उभ्या केल्या की बाहेरचा हॉर्नसुद्धा आत येत नसे. असा स्टुडिओ पुण्यातही मिळायचा नाही, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. आमच्या चॅनेलचं नावच आम्ही ‘शुक्रवार दुपार’ ठेवलं होतं.

तिथं आमची एक रीत होती. एकानं माइकसमोर म्हणायचं, आणि दुसऱ्यानं पाठ करून बसायचं, गादीकडं तोंड करून. एखादी ओळ खोटी वाटली — म्हणजे उसनी, ऐकीव, उगीच भाव खाणारी — की पाठमोऱ्यानं फक्त एवढंच म्हणायचं, “झूठ.” ओळ गेली. वाद नाही, खुलासा नाही. माझ्या किती ओळी त्या खोलीत मेल्या! मी चिडायचो, शिव्या द्यायचो, आणि घरी जाऊन कळायचं की मोईन बरोबर होता. त्याच्या ओळी फारशा मरत नसत. तो लिहायचाच मुळी दिसेल तेवढं — पापणीवर बसलेला कापूस, अब्बांच्या तोंडाला बांधलेलं फडकं, रात्रभर चालणारा त्यांचा खोकला. कापसाचा भुगा चाचांच्या — त्याच्या अब्बांना मी चाचा म्हणायचो — छातीत जाऊन बसला होता. मोईनला रॅपमधून एकच पाहिजे होतं आणि ते तो लाजबीज न धरता सांगायचा, “अब्बाला मशीनवरून उठवायचंय.” नाव नको, गाडी नको. एवढंच.

मग मुंबईच्या एका कंपनीचा मेल आला, चॅनेलच्या नावानं, दोघांना. तुमचं काम ऐकलं, दोघांनी आपापलं एकेक नवं कडवं वेगवेगळं पाठवा, एकालाच घेण्याचा विचार आहे. आम्ही गाद्यांवर बसून तो मेल दहादा वाचला. मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “आपल्याला न्हाई जायचं असल्या दुकानात.” फार तोऱ्यात म्हणालो. मोईननं मेल पुन्हा एकदा वाचला. शेवटी म्हणाला, “बघू.”

आणि त्याच आठवड्यात मी कडवं पाठवलं.

नाही, थांबा. नुसतं पाठवलं एवढंच असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता. मी काय पाठवलं ते ऐका. मला वाटलं, मुंबईच्या माणसांना आपलं ‘न्हाई’, ‘मंग’, ‘करून राह्यलो’ — हे काय कळणार? म्हणून मी माझ्या तोंडातून मंठा पुसून काढला. रूळ, चाळ, पत्र्याची खोली, समुद्राचा खारा वारा असलं सगळं लिहिलं. समुद्र मी तोवर दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा मामाच्या गाडीतून, आणि एकदा तर ओकत. तरी लिहिलं. शब्द मुंबईचे, सूर मुंबईचा, माजसुद्धा मुंबईचा. आमच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत एकट्यानं रेकॉर्ड केलं. मोईनच्या पाठीनं न ऐकलेलं माझं हे पहिलंच कडवं. त्याला का ऐकवलं नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

मला फोन आला. कंपनीतली एक मुलगी, चांगली बोलली. म्हणाली, आवाज छान आहे, पण असं लिहिणारे आमच्याकडे इथंच गल्लोगल्ली आहेत. आम्हाला तुमच्या गावाचं काही हवं होतं. मी ‘हो हो’ म्हणून फोन ठेवला, माझ्या खात्यातून गेलेला मेल पुसला, पाठवलेलं कडवं पुसलं, आणि मशीनच्या त्या खोलीत जाऊन मोईनला सांगितलं की मी काही पाठवलंच नाही. “मी न्हाई म्हणून सांगितलं त्यायला. मला न्हाई विकायचं.”

तो माझ्या समोर बसला होता. पाठ करून नव्हता बसला. त्यानं माझ्याकडे जे बघितलं — त्यात आदर होता. त्या एका नजरेसाठी मी आणखी दहादा खोटं बोललो असतो.

मग त्यानं हळूच सांगितलं, त्यानं पाठवलं होतं आणि त्याला बोलावलं होतं. चोरी पकडल्यासारखा बोलत होता. “मंग मी बी नको जाऊ का, पवन्या? तू सांग.”

त्या वेळी खरं बोलायला काय लागलं असतं? एक वाक्य. अरे, मीही पाठवलं होतं, मला घेतलं नाही. दोघं हसलो असतो, त्यानं माझं कडवं ऐकून पोट धरलं असतं. त्याऐवजी मी म्हणालो, “तू जा. तुझ्या घरची गोष्ट येगळी हाय.” ऐकायला किती मोठ्या मनाचं, नाही का? मी त्याला समजूतदारपणाच्या कागदात गुंडाळून चपराक दिली होती. तुला गरज आहे म्हणून तू विकला जाणार, मी मात्र जात नाही. त्यानं ती मुकाट्यानं घेतली.

त्याचं गाणं आलं आणि चाललं. कापसाचंच गाणं. व्हिडिओत कंपनीनं नाचणाऱ्या मुली घातल्या, लाल गाडी घातली. पण शब्द? मी ते गाणं चूक सापडावी म्हणून पाच-सहा वेळा ऐकलं. एकही शब्द बदललेला नव्हता. न्हाई तिथं न्हाईच होतं. रिक्षात वाजायचं, बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर वाजायचं, आमच्या दुकानात ताट घ्यायला आलेली बाई गुणगुणायची. माझे वडील, ज्यांनी माझं एकही गाणं पूर्ण ऐकलेलं नाही, ते एकदा आमच्या घरच्या मारवाडीत म्हणाले, “मोईन रो गाणो चोखो है” — मोईनचं गाणं छान आहे. मी त्या दिवशी जेवलो नाही.

आणि मी त्याच्यावर गाणं केलं. आमच्यात तशी पद्धत आहे, गाण्यातून एकमेकाला धुवायचं. त्यात वाईट मानत नाहीत. फक्त एक अट असते, जे म्हणाल ते खरं पाहिजे. माझ्या गाण्याची मुख्य ओळ होती — ‘कितीला गेली जीभ, मोईन, कितीला गेली?’ त्यानं मंठ्याची बोली मुंबईला विकली, असा सगळा आरोप. म्हणजे मी जे केलं होतं ते त्याच्या नावावर लिहिलं, आणि यमकात बसवलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं जमलेलं गाणं तेच आहे. परभणीपासून बुलढाण्यापर्यंतच्या स्वतंत्रवाल्यांनी ते डोक्यावर घेतलं. मला ‘खरा’ हे नाव तिथून पडलं.

काही महिन्यांनी मोईनचा जालन्यात कार्यक्रम झाला, मैदानावर, संध्याकाळी. मी गेल्तो. मागं, उसाच्या रसाच्या गाडीशेजारी उभा होतो. त्यानं पहिलं गाणं सुरू केलं आणि पुढच्या पोरांनी माझी ओळ ओरडायला सुरुवात केली. कितीला गेली, कितीला गेली. शंभरेक गळे असतील. तो थांबला. मला वाटलं, आता चिडेल, शिव्या देईल — आणि मी मनातून तीच वाट बघत होतो. त्यानं माइक त्यांच्याकडे धरला, त्यांना पुरं ओरडू दिलं. मग म्हणाला, “हे माझ्या दोस्तानं लिवलंय. अन् बराबर लिवलंय.” आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी त्याला न भेटता शेवटच्या बसनं मंठ्याला परत आलो. बसमध्ये दोन पोरं माझंच गाणं ऐकत होती.

त्यानंतर एकदाच त्याचा मुंबईहून फोन आला. कंपनीला पुढचं गाणं हिंदीत हवं होतं, प्रेमाचं, गोड. नाही केलं तर पुढं काही नाही. “काय करू? तू गाण्यात बोलला तसं आता फोनवर बी बोल. तू असता तर काय केलं असतं?”

मी काय केलं असतं? मी तर न मागता समुद्र लिहून पाठवला होता! मी ते हिंदी गाणं नाचत केलं असतं. पण मी म्हणालो, “मी तिथं गेलोच नसतो.”

 मग तो म्हणाला, “बरोबर हाय.” त्यानं नकार दिला. खरा नकार, माझ्यासारखा बोलण्यातला नव्हे. कंपनीनं त्याला सोडलं आणि तो मंठ्याला परत आला.

चाचा मशीनवरून उठले, हे खरं. आता मशीनवर मोईन बसतो. तोंडाला फडकं बांधतो, पण गिऱ्हाइकाशी बोलायला ते खाली करावं लागतं, मग बांधायचं राहून जातं. त्याचा आवाज घोगरा झालाय. खोकल्याशिवाय सलग दहा ओळी म्हणणं आता त्याला जमायचं नाही. नंतर माझं लग्न झालं, मुलगी झाली; मागच्या थंडीत तिची रजई त्यानंच भरून दिली.

मी अजून रेकॉर्ड करतो. गच्चीवरच्या खोलीला आता फोम लावलाय. एकटाच असतो. ओळ म्हणून झाली की थोडं थांबायची सवय गेलेली नाही. कोणी काही बोलत नाही, मग मी पुढची ओळ म्हणतो.

एवढंच असतं तरी कदाचित मी गप्पच राहिलो असतो. पण यंदा पुण्याहून एक मुलगी आली, स्वतंत्र रॅपवर फिल्म करणारी. तिला आमचा जुना स्टुडिओ दाखवायला मी मोईनच्या दुकानात नेलं. कॅमेरा सुरू होता. तिनं मोईनला विचारलं, तुम्ही दोघं एकाच खोलीतून निघालात, मग तुमच्यात फरक काय पडला? मोईननं मशीन बंद केलं, फडकं खाली ओढलं. त्याच्या आवाजात कुचकेपणा नव्हता — उलट अभिमान होता. म्हणाला, “कंपनीनं दोघायला बी बोलावल्तं. मी गेलो. यो न्हाई गेला. म्हणून यो टिकला.”

तिनं कॅमेरा माझ्याकडे वळवला. मी हसून म्हणालो, “जाऊ द्या हो ते.” फार नम्रपणे म्हणालो. ती फिल्म आता सगळीकडे दाखवतात, आणि त्या जागी टाळ्या पडतात, असं ऐकलं.

मोईनचं दुकान माझ्या घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे. हे लिहायला मला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मी दोनदा त्याच्याकडे जाऊन बसलो, त्यानं मागवलेला चहा प्यायलो, पावसापाण्याचं बोललो आणि उठून आलो. तुम्ही माझे कोण? कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगता आलं. त्याला अजून माहीत नाही.