वन्संनी न काढलेली पानं

माझ्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, वाचनालयात पुस्तकं बांधतात. वय अडुसष्ट. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा काढायचाय, पण सुईत दोरा ओवायला अजून कुणाला हाक मारत नाहीत. तिथल्या एका बांधणाऱ्याचा हात मोडला म्हणून तीन महिन्यांच्या बदलीवर गेल्या होत्या. त्या तीन महिन्यांना आता एकेचाळीस वर्षं झाली. तो हात केव्हाच बरा झाला, त्या हाताचा माणूस दुसरीकडे कामाला लागला, पण वन्संच्या कागदावर ‘बदली’ हा शब्द चिकटला तो चिकटलाच. निवृत्तसुद्धा बदली म्हणूनच झाल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कामावर हजर. कुणी हटकलं तर म्हणायच्या, “मला नेमलंच कधी नव्हतं, मग निवृत्त कसली करता?”

घरातही तीच तऱ्हा. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, वन्सं. माझी चार बाळंतपणं, वन्सं. धाकट्या दिरांची बायको रुसून माहेरी गेली तेव्हा त्यांच्या दोन पोरांचं न्हाऊमाखू दीड वर्ष वन्संनी केलं, आणि ती परत आली तशी आपली पिशवी उचलून निघाल्या. स्वतःचं लग्न ‘एवढं आटोपू दे, मग बघू’ यात राहून गेलं. एकदा माझ्या माहेरची माणसं आली होती. कुणीतरी विचारलं, या कोण? मी भांडी पुसत होते. मान वर न करता म्हणाले, “त्या होय? त्या असतात घरात.” वन्सं दारात पाण्याचे पेले घेऊन उभ्या होत्या. पेले ठेवले आणि गेल्या. याला तीस वर्षं झाली. ते पेले ठेवल्याचा आवाज मला अजून येतो.

आमचे हे गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून मी दुपारची वन्संबरोबर जाऊ लागले. मी चौथी शिकलेली, तीही रडतखडत. मला तिथे ठेवलं ते खळ शिजवायला. खळ म्हणजे मैदा पाण्यात शिजवून केलेला चिकट लगदा, पुठ्ठ्याला कापड चिकटवायला लागतो. गुठळी झाली की वन्सं माझ्या माहेरचा उद्धार करतात. खोली तळघरात आहे. उंचावर एक खिडकी, तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त पाय दिसतात. मधोमध पुस्तकं दाबायचं लोखंडी यंत्र, भिंतीला रद्दीची टोपली, आणि वन्संच्या गळ्यात दोऱ्याचं रीळ, दागिना असल्यासारखं.

तर तिथे एक दिवस जपानी चित्रकथेचे तीस भाग आले, वाचून वाचून पार चिंध्या झालेले. पोरं तिला मांगा म्हणतात. त्यात एक सुपरहीरो आहे. तो श्वास रोखून धरतो तोवर त्याच्या तळहातापुढे कोसळती इमारतसुद्धा थांबते. म्हणून त्याला म्हणतात रोखणारा. वन्सं त्याला रोख्या म्हणतात, भाचा असल्यासारखा.

पहिला भाग वन्संनी बांधला तो उलटा. ती पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचायची असतात हे आम्हाला कुठलं ठाऊक! पाठ, म्हणजे शिवणीची बाजू, आपली नेहमीसारखी डावीकडे, वर पुठ्ठ्यावर ऐटीत आकडा. कॉलेजातली एक चष्मेवाली पोरगी ते घेऊन तळघरात आली आणि पोट धरून हसली.

“मावशी, तुमच्या पुस्तकात तो आधी मरतो आणि मग जन्माला येतो!”

“बरंच आहे की,” वन्सं म्हणाल्या. “शेवट गोड झाला.”

पण लागलं त्यांना. एकेचाळीस वर्षांत अशी चूक नव्हती. भाग उसवला, पुन्हा शिवला, आणि तेव्हापासून प्रत्येक भाग बांधायच्या आधी वाचायचा, असं ठरवलं. त्या वाचायच्या, मी खळ ढवळत चित्रं बघायची. सतराव्या भागापर्यंत आम्हा दोघींनाही रोख्याचं वेड लागलं. सतराव्यात पुलावर त्याचा मित्र त्याच्या हातातून निसटतो. पडता पडता मित्र हसतो, ते पूर्ण पानभर चित्र आहे. मी ते बघून पदराला नाक पुसलं, आणि खळ करपली.

त्यापुढे एकशे बारा पानं वेगळीच आहेत. मूळ चित्रकार आजारी पडला म्हणून त्याच्या मदतनिसाने काढलेली. रोख्याची छाती जायबंदी, श्वास रोखता येत नाही. एका छत्र्या दुरुस्त करणाऱ्या बाईकडे तो राहतो आणि शिडी धर, दोरा धर, कुणाचं बाळ धर, एवढंच करतो. खलनायक नाही, मारामारी नाही. पोरं याला फिलर म्हणतात. आपल्या भाषेत खोगीरभरती.

नवे ग्रंथपाल साहेब तरुण, टापटिपीचे. त्यांनी एक कागद आणून दिला, ‘काढून टाकायच्या पानांची यादी’. खाली सही, शिक्का.

“मावशी, कपाटात जागा नाही. दोन दोन भाग एकत्र बांधा आणि ही एकशे बारा पानं गाळा. वाचकांचीही तीच मागणी आहे.”

“पुस्तक आलंय तसं बांधायचं असतं.”

“पण त्या पानांत काही घडतच नाही हो!”

“माझ्या स्वयंपाकघरातही काही घडत नाही,” वन्सं म्हणाल्या. “जेवतात मात्र सगळे तिथलंच.”

साहेब चिडले. सतरावा भाग उचलून म्हणाले, नमुना मीच करून दाखवतो. आणि खरंच, टेबलाशी बसून त्यांनी ती पानं ओढून ओढून काढली आणि टोपलीत टाकली. वन्सं बघत राहिल्या. साहेब तो भाग कपाटात लावायला वर घेऊन गेले, तशी त्यांनी टोपलीतून पानं उचलली, आकड्यांप्रमाणे लावली आणि दाबयंत्राखाली ठेवून दिली. यादीही तिथेच ठेवली.

महिनाभरात बोंब झाली. ते हसणाऱ्या मित्राचं पान गायब! पोरं म्हणाली चोरी झाली. साहेब तळघरात आले आणि म्हणाले, “चोरी नाही, शिवण सैल आहे. मावशी, आता डोळे साथ देत नाहीत तुमचे. शनिवारी वाचकांची बैठक आहे, त्यात ठरवतो काय ते. बांधणीचंही आणि त्या फिलरचंही.”

शिवण सैल! वन्संना कुणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. त्या उठल्या, वर गेल्या आणि जिथे लोक परत करायची पुस्तकं टाकतात त्या पेटीत खांद्यापर्यंत हात घातला. तळाशी ते पान होतं. धुळकट, एक कोपरा दुमडलेला, पण शाबूत.

शनिवारी आम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. वन्सं खळ लागलेल्या एप्रनानिशी वाचनकक्षात शिरल्या, मागून मी. दहाबारा पोरं, साहेब टेबलाशी.

“हे घ्या तुमचं चोरीचं पान,” वन्संनी ते टेबलावर ठेवलं. मग एक कोरा कागद घेऊन मधोमध दुमडला. “ही दोन पानं. खरं तर कागद एकच. पुस्तकात असे चार कागद एकात एक घालून घडीवर शिवतात. पहिलं पान आठव्याशी जोडलेलं, दुसरं सातव्याशी. आता हे सातवं नको म्हणून मी ओढते.” त्यांनी अर्धा कागद घडीवर फाडला. “दुसऱ्याला कोण धरणार? दोरा घडीत असतो, कागदात नाही. चारदा उघडलं की पडलंच. मित्राच्या पानाचं जोडपान त्या छत्रीवाल्या बाईकडे होतं, साहेब. ते तुम्ही टोपलीत टाकलंत.”

साहेबांचे कान लाल झाले. पोरं खिदळली. पण चष्मेवाली हुशार, ती एवढ्याने हटणारी नव्हती.

“मावशी, तो कागदाचा प्रश्न झाला. डिंकाने चिकटवता येईल. माझं म्हणणं कथेबद्दल आहे. या कथेचं सार काय? ज्याच्यात ताकद आहे त्याने सोडायचं नाही. त्या भागात त्याच्यात ताकदच नाही. मूळ चित्रकाराने तो काढलेलाही नाही आणि पुढे कधी त्याचा उल्लेखही नाही. मग त्या भागाने कथेच्या अर्थात काय भर पडली?”

“शेवटचा भाग काढ. दोराचं पान.”

सगळ्यांना पाठ होतं ते. शेवटी रोख्याचा श्वास संपतो, ताकद संपते, आणि कड्यावरून लोंबणारी मुलगी त्याने नुसत्या दोराने धरून ठेवलेली असते. संबंध रात्रभर.

वन्संनी गळ्यातलं रीळ काढलं, जाड दोऱ्याचा एक एक तुकडा प्रत्येकाच्या हातात दिला. साहेबांच्याही. “धरा घट्ट. सोडायचं नाही हं, ताकदवान आहात ना सगळे?”

सगळ्यांनी मुठी आवळल्या. वन्संनी एकेक दोरा सर्रकन ओढला. एकेक मूठ रिकामी. एका दांडग्या मुलाचा तळवा सोलवटला, तो “आई गं” म्हणाला.

“आता चित्रात बघा. दोर मुठीत आहे का?”

पोरं पुस्तकावर वाकली. दोराचा एक वेढा मनगटाला, मग अंगठ्याखालून, मग बोटांत. वन्संनी स्वतःच्या हाताला तसाच दोरा घेतला. “ओढ,” दांडग्याला म्हणाल्या. त्याने ओढला. अडुसष्ट वर्षांची बाई जागची हलली नाही.

“असा दोर धरला की हात दमतो, पण दोर सुटत नाही. मला हे शिकायला वर्ष लागलं. रोख्याला कुणी शिकवलं? एकशे बारा पानांपैकी चाळिसावं बघ.” वन्संनी एप्रनच्या खिशातून ते पान काढलं. छत्रीवाली बाई त्याच्या मनगटाला दोऱ्याचा वेढा देत होती. “ताकद असताना कुणीही धरतो गं. नसताना कसं धरायचं हे कुठे शिकला तो? जिथे काही घडत नाही तिथे.”

चष्मेवालीने दोन्ही पानं शेजारी ठेवून बराच वेळ पाहिली.

“योगायोग असू शकतो,” ती म्हणाली. “मूळ चित्रकाराने ते वाचलं होतं याला पुरावा नाही.”

“नसू दे. मग मी योगायोगही बांधीन.”

“आणि मला तो भाग कंटाळवाणाच वाटतो, मावशी. खरं सांगते.”

“वाट की! आवडून घे असं कुठे म्हणतेय? आहे तिथे राहू दे, एवढंच.”

साहेबांनी हात वर करायला लावले. पानं गाळायच्या बाजूने सहा, ठेवायच्या बाजूने पाच. चष्मेवालीने कुठेच हात वर केला नाही. साहेब म्हणाले, “ठरलं तर. यादीप्रमाणे होईल.”

“हात खुशाल मोजा,” वन्सं म्हणाल्या. “सुई माझ्या हातात आहे. मी अर्धं पुस्तक शिवत नाही.”

“मावशी, तुम्ही इथे आमच्या मर्जीने आहात. कागदावर तर नाहीच.” मग ते माझ्याकडे वळले, अगदी गोड आवाजात. “आजी, तुम्ही जरा समजवा ना त्यांना. तुमच्या कोण लागतात या?”

बघा, परत तोच प्रश्न. तीस वर्षांनी.

मी म्हणाले, “कोण लागतात? माझ्या घराला धरून आहेत त्या. आमच्या घरची चार पोरं जगली, एक म्हातारी सुखाने गेली, एक संसार मोडता मोडता राहिला, ते यांनी धरलं म्हणून. यांचं नाव कुठल्या कागदावर नाही, ती आमची चूक. आणि साहेब, खोगीरभरती खोगीरभरती म्हणता, पण खोगीर रिकामं ठेवून घोड्यावर बसून बघा एकदा, मग सांगा बसायला जमतंय का.”

पोरं टाळ्या पिटायला लागली. वन्संनी माझ्याकडे पाहिलं, म्हणाल्या, “वहिनी, चल. खळ गार होतेय.” जिन्यावर मात्र त्यांनी माझा हात धरला. मनगटाला वेढा देऊन.

खाली येऊन त्यांनी त्याच दुपारी सतरावा भाग हाती घेतला. फाटलेल्या प्रत्येक घडीला पातळ कागदाची पट्टी लावून जोडपानाला जोडपान मिळवलं. मित्र आणि छत्रीवाली पुन्हा एका कागदावर आले. मग सगळं शिवलं, एकशे बाराच्या एकशे बारा पानांसकट. सोमवारी साहेब आले, भाग हातात घेतला, उघडला, दोन्ही हातांनी ताणून पाहिला. शिवण हलली नाही. “यादी कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

“आहे की पुस्तकातच,” वन्सं म्हणाल्या.

साहेबांना वाटलं म्हातारी थट्टा करतेय. मान हलवून भाग काखेत मारून वर गेले. तो आता कपाटात आहे, सोळा आणि अठराच्या मध्ये. जागाही झाली. वन्सं रोज कामावर जातात. त्यांना येऊ नका असं अजून कुणी म्हणालेलं नाही, आणि म्हणालं तरी त्या ऐकतील असं मला वाटत नाही.

थट्टा मात्र ती नव्हती. शिवलेल्या पाठीवर कापड चढवण्याआधी आतून एक जाड कागद चिकटवावा लागतो, सगळ्या घड्या त्याच्याने एकत्र राहतात. त्यासाठी बांधणारे हाताला लागेल तो टाकाऊ कागद घेतात. वन्संच्या हाताला सही-शिक्क्याची ती यादी लागली. चांगला जाड कागद होता. काढून टाकायच्या पानांचे आकडे आता त्याच पानांना पाठीमागून धरून आहेत.

खळ मी लावली. एक गुठळी नव्हती.