फोल्डरचा सातबारा

हातोडा चिडले की खोलीतली एक तरी वस्तू फुटायची. कधी कीबोर्ड, कधी चहाचा कप, एकदा तर खिडकीची काच, तीही मुठीने. कल्याणच्या एका खासगी इस्पितळात मी नोकरीला लागले तेव्हा सर्व्हरच्या खोलीचे ते प्रमुख होते. हातोडा हे नाव वॉर्डबॉयनी ठेवलेलं, आणि ते त्यांना माहीत होतं. मी मात्र सर म्हणायचे. मुरबाडच्या मराठी शाळेतून आलेली, घराण्यातली पहिली पदवीधर. दुसरं काही म्हणायचा मला धीरच नव्हता.

त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. गाव खडवलीच्या पुढे, घरची जमीन, आणि बांधावरच्या भांडणात चुलतभावाने चालवलेला कोयता. "बोटं गेली, जमीन नाय गेली," असं ते डबा खाता खाता सांगायचे. उरलेल्या आठ बोटांनी ते माझ्यापेक्षा जलद टाइप करायचे.

माझ्या पहिल्याच आठवड्यात एक पान उघडेना, म्हणून मी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. तरी उघडेना. मी परत तेच केलं. तिसऱ्यांदा हात पुढे केला तेव्हा त्यांनी माझ्यासमोरचा कीबोर्ड उचलून टेबलावर असा आपटला की बटणं भिंतीपर्यंत उडाली. "पेशंट विव्हळतंय आणि तू त्याला कानफटात मारून उठवतेस? काय दुखतंय ते त्यानं लॉगमध्ये लिवलंय, ते वाच की गो!" मी रडले. मग बसून लॉग, म्हणजे सर्व्हर स्वतःच लिहीत असलेली नोंदवही, वाचला, आणि चूक सापडली. त्या दिवसापासून मी आधी वाचते.

दुसरा धडा सातबाऱ्याचा. सर्व्हरवरच्या प्रत्येक फोल्डरला मालक असतो, आणि मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला त्यात लिहिता येत नाही. हे मला इंग्रजी पुस्तकातून कळत नव्हतं. ते म्हणाले, "जमिनीवर भांडण झालं तर आमी पयलं काय बघतो? सातबारा. कोणाच्या नावावर हाय ते बघायचं, मंग कोयता काढायचा." मला एकदम कळलं. परीक्षेला चार वर्षं पाठ केलेलं त्या दुपारी कळलं.

आणि तरीही चूक मीच केली.

दुपारची वेळ. इस्पितळाच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये नवीन बदल चढवल्यावर पडद्यावर वॉर्डांची जुनीच नावं दिसत होती. म्हणून मी सर्व्हरची कॅश साफ केली, म्हणजे त्याने तयार करून ठेवलेल्या पानांच्या जुन्या प्रती पुसल्या. पाच मिनिटांत सगळ्या मजल्यांवर पांढरं पान आणि त्यावर एकच आकडा, पाचशे. सर्व्हर कोसळल्याची खूण.

नेमका तेव्हाच विठ्ठलवाडीहून एक तरुण आला होता. दोन टोळक्यांची हाणामारी, पोटात सुरा. रक्त जुळवून पिशवी तयार होती, पण ती कोणती, हे फक्त पडद्यावर. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर रक्त द्यायचं नाही, हा इस्पितळाचा कडक नियम. खाली काउंटरची काच फुटली. कोणीतरी ओरडलं, "कॉम्प्युटर बंद पडलाय म्हणे! कुठाय तो कॉम्प्युटरवाला? आधी त्याला फोडा!"

वीसेक माणसं जिना चढून आली. पुढे होता जखमीचा थोरला भाऊ, हातात लोखंडी सळई, शर्टावर भावाचं रक्त. आमच्या दाराची कडी पहिल्याच लाथेला तुटली. हातोडा दारात उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हातांनी चौकट धरली. माझ्याकडे त्यांची पाठ होती.

"हट बुड्ढे!"

"तुझा भाऊ मरेल रे, आत आलास तर! ती बघते हाय, बघू दे तिला!"

सळई खांद्यावर बसली. मी आवाज ऐकला. मी लॉग उघडला.

"काय लिवलंय?" ते मान न वळवता ओरडले.

"लिहायला परवानगी नाही म्हणतोय, सर! कॅशच्या फोल्डरमध्ये!"

"सातबारा कोणाचा?"

मी फोल्डरचा मालक पाहिला. कॅश साफ करताना मी सर्व्हरच्या सर्वाधिकारी खात्यात होते. त्या खात्याचं नाव रूट. पुसल्यानंतर तयार झालेलं नवीन फोल्डर त्याच्याच नावावर झालं होतं, आणि इस्पितळाच्या अ‍ॅप्लिकेशनला स्वतःच्याच घरात पाऊल टाकता येत नव्हतं.

"रूटचा!"

"मंग नाव बदल, भवाने!"

दुसरा घाव कोपरावर बसला, तिसराही तिथेच. ज्या माणसाचा हात साध्या रागाने उठायचा, त्याने त्या दिवशी एकही हात उचलला नाही. उचलला असता तर चौकट मोकळी झाली असती. मी एक ओळ टाइप केली. ती चुकली. पुन्हा टाइप केली. पांढऱ्या पानाच्या जागी यादी आली, पिशवीचा नंबर आला. मी किंचाळले, "चालू झालं!" सळईवाला रक्तपेढीकडे धावत सुटला, बाकीचे त्याच्यामागे. हातोडा चौकटीवरूनच खाली घसरले.

तो तरुण वाचला. हातोड्यांचं कोपर मात्र पुन्हा सरळ झालं नाही, आणि ते परत नोकरीवर आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी व्यवस्थापक त्यांच्या खाटेपाशी चौकशीला आले. "कॅश कोणी साफ केली होती?"

"मीच," हातोडा म्हणाले.

मी शेजारी उभी होते. "नाही सर, मी केली. रूटमधून."

व्यवस्थापकांनी ते लिहून घेतलं, मला मेमो मिळेल म्हणाले आणि गेले. दार लागताच हातोड्यांनी चांगल्या हाताने स्टीलचा पेला फेकला. तो माझ्या भुवईवर बसला.

"तुला मध्ये तोंड घालायला कोणी सांगितलं गो? मी तर जातच होतो! तुझी नोकरी राहिली असती ना साफ!"

रक्त गालापर्यंत आलं. तिथेच टाके घालताना नर्सने हळहळून विचारलं, "अगं बाई, त्या दिवशीची जखम पुन्हा उघडली की काय? त्या टोळक्याने तुलाही मारलं होतं?"

मी खाटेकडे पाहिलं. हातोडा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"हो," मी म्हणाले.