गवत कापण्याची रजा

रजेच्या अर्जात कारणाचा एक रकाना असतो. सोलच्या किम्पो विमानतळावरच्या आमच्या विमान-सुरक्षा तपासणी कचेरीत हे अर्ज माझ्याच टेबलावर येतात. बहुतेक जण ‘घरगुती काम’ लिहून मोकळे होतात. तपासनीस यांग मानसोक मात्र दर वर्षी एकच कारण सविस्तर लिहायचा : ‘आईच्या कबरीवरचं गवत कापणे.’ आणि दर वर्षी, निघायच्या दोन-तीन दिवस आधी, येऊन अर्ज मागे घ्यायचा.

आठवा चांद्रमास लागला की दक्षिणेकडच्या जेजू बेटाची माणसं जिथे असतील तिथून परततात आणि पूर्वजांच्या कबरींवर वाढलेलं गवत कापतात. त्या दिवसांत स्वस्त कंपन्यांची विमानं जेमतेम अर्धा-पाऊण तास जमिनीवर टेकतात, की पुन्हा वर. अशा वेळी तपासनिसाला सुट्टी कोण देणार? मानसोक स्वतः जेजूचा. पण सगळं बेट गवत कापत असताना तो इथे विमानांच्या पोटाखाली टॉर्च घेऊन वाकलेला असायचा.

त्याचं गाव बेटाच्या पूर्वेला, कुजवा भागात, गाजरांच्या शेतांमधलं. वडील लवकर गेले. आईला त्याचं काम नेमकं काय ते कधी कळलं नाही. ती शेजारणींना सांगायची, “लोकांची पोरं विमानं उडवतात, माझा थांबवतो.” हे सांगताना मानसोक हसायचा. आईला शेतातच पुरलं तेव्हा मातीच्या उंचवट्यावर हिरवळीचे ताजे तुकडे त्यानं स्वतः थापून बसवले होते. त्यानंतर चौदा वर्षं त्या गवताला त्याचा हात लागला नव्हता.

या वर्षी त्याला थोरल्या भावाचा, मानहोचा, फोन आला. मानहो त्याला चेष्टेनं ‘साहेब’ म्हणायचा.

“साहेब, या खेपेला तरी या. पुढच्या वर्षी कापायला गवतच नसेल.”

“म्हणजे?”

“माझे गुडघे गेले. पोरं सोलहून येत नाहीत. पुढच्या महिन्यात कबर उघडायची, दहन करायचं आणि अस्थी शहरातल्या अस्थिगृहात ठेवायच्या, असं ठरलंय. तुला विचारलं असतं, पण तू असतोस कुठे?”

दुसऱ्या दिवशी मानसोकनं माझ्यापुढे अर्ज ठेवला. “परत मागायला आलो तर देऊ नका.”

“पाया पडलास तर?”

“तरी नाही.”

त्याला शनिवारी सकाळच्या विमानाची जागा मिळाली. कंपनी स्वस्तातली, त्यामुळे विमान लांब उभं होतं आणि तिथवर बसनं जायचं होतं. बसमधून उतरून बाकीचे शिडीकडे गेले. मानसोकची नजर सवयीनं चाकांकडे गेली. डाव्या चाकाच्या आतल्या बाजूनं ब्रेकच्या तेलाचा एक ओला, काळपट ओघळ आला होता.

कंपनीचा देखभाल प्रमुख मेंग त्याला ओळखत होता. “रजेवर आहात ना साहेब? मग रजेवरच राहा की.”

“थेंब मोजलेत?”

“मोजलेत. मर्यादेत आहेत.”

“कधी मोजलेत?”

“काल संध्याकाळी.”

“आता मोजू. आत वैमानिकाला सांगा, ब्रेक दाबून धरा म्हणावं.”

दोघं उकिडवे बसले. मिनिटभर घड्याळ बघत थेंब मोजले. मर्यादा अर्ध्या मिनिटातच ओलांडली होती.

मेंग हळूच म्हणाला, “एवढी एक फेरी होऊ द्या. सुटा भाग जेजूत ठेवलेला आहे, तिथे उतरलं की लगेच बदलतो. तुम्हीही पोचाल.”

मानसोकनं मला नंतर सांगितलं, “खोटं नाही बोलत. त्या वेळी मला चाक दिसतच नव्हतं. नुसतं गवत दिसत होतं.” मग त्यानं कामावर असलेल्या तपासनिसाला फोन लावला आणि मेंगला म्हणाला, “लोकांना उतरवा.”

सगळे परत प्रतीक्षा दालनात आले. कंपनीच्या टेबलामागे बसलेल्या सोजिन नावाच्या मुलीनं घोषणा केली, “विमानांच्या जुळवाजुळवीमुळे उशीर होत आहे.” मानसोक तिच्याकडे गेला.

“पोरी, हे खरं नाही.”

“साहेब, आम्हाला हेच वाक्य दिलंय.”

“उशिराचं खरं कारण प्रवाशांना सांगायचं, हा नियम आहे. सांग, ब्रेकमधून तेल गळतंय, तपासनिसानं विमान थांबवलं.”

“लोक मला फाडून खातील.”

“तपासनीस इथेच बसलाय म्हणावं. त्याला खा.”

तिनं सांगितलं, आणि लोक खरंच तुटून पडले. एक जण ओरडला, “आजचाच दिवस सापडला होय तुम्हाला? एरवी झोपता का?” दुसरा म्हणाला, “दुसऱ्या विमानात बसवा की मग!” पण दुसऱ्या कुठल्याच विमानात जागा नव्हती. पर्यायी विमान साडेतीनला येणार होतं.

गर्दीतून एक आजी पुढे आली. बोली अस्सल जेजूची. “कुणाचा रे तू?”

“यांगांचा, आजी. कुजवाकडचा.”

“म्हणजे तूही गवतालाच निघालास?”

“हो.”

“आणि स्वतःचंच विमान अडवलंस?”

“हो.”

“खुळाच आहेस.” तिनं पिशवीतून समुद्री शेवाळात गुंडाळलेल्या भाताचे तुकडे काढले. “बस इथे. किंबाप खा. उपाशी राहून विमान लवकर येणार आहे का?”

तो खात असताना मानहोचा फोन आला. मागे गवत कापायच्या यंत्राची घरघर चालली होती.

“कुठवर आलास?”

“किम्पोतच आहे, दादा. विमान थांबलंय.”

“कुठल्या गाढवानं थांबवलं?”

“मीच.”

घरघर बंद झाली. मानहो म्हणाला, “आम्हाला थांबता येणार नाही रे. चुलतभावांना संध्याकाळची विमानं गाठायची आहेत.”

“कापा तुम्ही,” मानसोक म्हणाला.

तो शेतात पोचला तेव्हा सूर्य टेकडीमागे गेला होता. चुलतभाऊ केव्हाच निघून गेले होते. कबरीभोवतीच्या काळ्या दगडांच्या कुंपणावर मानहो एकटाच पाय पसरून बसला होता. आईचा उंचवटा गुळगुळीत कापून झाला होता आणि कापलेल्या गवताचा वास अजून हवेत होता. मानसोकनं नमस्कार केला. मग तो वाकून, हात टेकत, हळूहळू उंचवट्याभोवती फिरला.

“काय साहेब, तपासणी का? राहिलं का काही?”

कुंपणाच्या कोपऱ्यात, दोन दगडांच्या बेचक्यात, यंत्र पोचलं नव्हतं. तिथे वीतभर गवत तसंच उभं होतं.

“इथे थोडं राहिलंय.”

“मग घे की हा विळा. तुझ्यासाठीच आणला होता, सकाळपासून पडलाय.”

मानसोक खाली बसला. त्यानं ते गवत मुठीत धरलं, विळा मुळाशी नेला आणि तसाच बसून राहिला. मग मूठ सोडली.

“असू दे, दादा. कबर उघडायला अजून महिना आहे ना. तोवर वाढू दे.”