पुठ्ठ्याचे पॅकिंग

गणपतराव निकम गेल्याचे मला चार दिवस उशिरा कळले. शिंद्यांच्या छावणीतून, म्हणजे त्यांच्या मोहल्ल्यातून, निघालेला निरोप शहराच्या दुसऱ्या टोकाला मुरारला माझ्या घरी आला, मी बाहेर होतो, आणि तो घेणारा शेजारी मला सांगायला विसरला. आमच्या दोघांत एक भिंत आहे, तरी मी त्याला पत्रच लिहिले. तोंडी तक्रारीला पुरावा नसतो. कर्तव्यच्युतीची चार कलमे मांडली, सही केली, आणि प्रत जुन्या फाइलीत लावायला गेलो... तिथे हात थांबला. त्या फाइलीच्या पुठ्ठ्यात एक लांबट, वळणावळणाची खिडकी आहे. ती गणपतरावांनी पाडलेली आहे.

संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाले, त्या दिवसांतली ही गोष्ट. दरबारच्या मोटरखान्यात ते मिस्त्री होते आणि मी पत्रव्यवहाराचा कारकून. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून घोड्यावर आले. "आमच्या घरात घोडा तोच आहे, फक्त चारा बदलला," असे ते म्हणत. मोटरखाना नव्या खात्यात जाणार होता, आणि हुकूम असा निघाला की जी गाडी चालती असेल तिच्याबरोबर तिचा मिस्त्री सामावून घ्यावा. गणपतरावांकडे एकच गाडी होती, खेडोपाडी औषधे नेणारी जुनी पिकअप. तिच्या इनटेक मॅनिफोल्डला तडा गेला होता. कार्बोरेटरमधून येणारे हवा-पेट्रोलचे मिश्रण सगळ्या सिलिंडरांना वाटून देणारी ही ओतीव नळी. तड्यातून फाजील हवा आत शिरे, इंजिन खोकत राही आणि चढ दिसला की दम टाकी. आणि परीक्षा ठरली होती किल्ल्याच्या उरवाई घाटीवर! गाडी वर पोहोचली नाही तर ती भंगारात, आणि तीन लेकरांचा बाप घरी.

मी कायद्याने लढायचे ठरवले. नव्या मॅनिफोल्डसाठी भांडाराला अर्ज केला, मग स्मरणपत्रे, मग स्मरणपत्रांची स्मरणपत्रे. अखेर उत्तर आले: सदर वाहन ज्या संस्थानाच्या नावे नोंदलेले आहे ते संस्थान अस्तित्वात नसल्यामुळे सुटा भाग देता येत नाही. संस्थान नसेल, वाहन तर समोर उभे होते! मी ते उत्तर मोठ्याने वाचून दाखवले तेव्हा गणपतराव बॉनेटमध्ये वाकलेले होते. तिथूनच म्हणाले, "वकीलसाहेब, कागद आपल्या जागी, इंजिन आपल्या जागी. चला, मुरारला जाऊन येऊ." वकिलीची परीक्षा मी कधी दिली नाही, पण ते मला आयुष्यभर वकीलसाहेबच म्हणाले, आणि त्यातली थट्टा मी आयुष्यभर सोसली.

मुरारच्या लष्करी भंगारात त्यांनी एका मोठ्या ट्रकचा मॅनिफोल्ड हुडकला. मी अडून बसलो म्हणून पावती घेतली. बोल्टांची भोके जुळली. तोंडे मात्र दोन सुतांनी, म्हणजे पाव इंचाने, रुंद निघाली. "मग हा परत करू," मी म्हणालो. "परत कशाला? इंजिनाचा घसा मोठा करू. बिचारी इतकी वर्षे अर्ध्या घशाने श्वास घेऊन राहिली आहे." त्यांनी प्रत्येक तोंडात ग्रीस माखलेल्या चिंध्या ठासल्या, कारण लोखंडाचा एक कण आत गेला असता तर सगळेच संपले असते. मग दोन दिवस कानस चालली. दर काही वेळाने ते थांबत, डोळे मिटत आणि अंगठा आतून फिरवत. मी पट्टीने मोजू पाहिले, त्यांनी हसून पट्टी बाजूला सारली. त्या अंगठ्याला जे दिसत होते ते माझ्या चष्म्याला दिसत नव्हते... आजवर अनेक न्यायाधीश पाहिले. इतक्या सावकाश, इतक्या निःपक्षपातीपणे कोणी निवाडा केलेला पाहिला नाही.

आता दोन धातूंच्या मधले पॅकिंग हवे होते. बाजारात त्या मापाचे नव्हते, आणि परीक्षा उद्यावर आलेली. गणपतरावांची नजर माझ्या काखेतल्या फाइलीवर गेली. दरबारचा जाड पुठ्ठा, वर राजमुद्रा.

"तो द्या."

"हे सरकारी दप्तर आहे! याचा नाश हा गुन्हा आहे, गणपतराव."

"कोणत्या सरकारचे?"

भांडाराने मला लिहिले होते तेच त्यांनी मला विचारले होते. मी पत्रे काढून घेतली आणि पुठ्ठा त्यांच्या हाती दिला. जन्मात जाणूनबुजून केलेला माझा तेवढाच कायदेभंग. त्यांनी तो मॅनिफोल्डवर ठेवून कडेकडेने हातोडी अशी हलकी ठोकली की सुरीशिवाय आकार सुटा झाला. मग तेलात भिजवून बसवला, बोल्ट मधल्यापासून कडेच्यांपर्यंत थोडे थोडे आवळले, आणि इंजिन सुरू करून चक्क उदबत्ती पेटवली. "पेट्रोलजवळ विस्तव!" मी ओरडलो. ते उदबत्ती सांध्यावरून सरकवत राहिले. कुठे फट असती तर धूर आत ओढला गेला असता. धूर सरळ वर गेला. "पास," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पिकअप उरवाई घाटी चढली. खोकली नाही, थांबली नाही. नवे साहेब शेजारी बसले होते, वर उतरताच त्यांनी विचारले, "नया पुर्ज़ा लगाया है? काग़ज़ कहाँ है?" मी पावती काढेपर्यंत गणपतराव बोलून मोकळे झाले, "लगा दिया, हुज़ूर." साहेबांना काही कळले नाही. मी मात्र उभ्या आयुष्यात पहिल्यांदा सरकारी अधिकाऱ्यासमोर हसलो.

परवा त्यांची लेक शकुंतला येऊन गेली. हत्यारांच्या पेटीत तळाशी कापडात गुंडाळलेले काहीतरी सापडले म्हणाली, "बाबांनी वर तुमचे नाव लिहिले आहे, काका." पिकअप पुढे खरोखर भंगारात गेली तेव्हा त्यांनी ते पॅकिंग काढून ठेवले होते. तेलाने काळे, दाबाने चपटे, कोपऱ्यात अर्धी राजमुद्रा. मी फाइल आणली. ते पुठ्ठ्याच्या खिडकीत ठेवले आणि बोटाने हलकेच दाबले. बसले. शकुंतलेने विचारले, काका, काय शोधताय? मी देवाजवळची उदबत्ती उचलली आणि कडेकडेने फिरवली... धूर सरळ वर गेला.